पी व्हॅल्यूबद्दल एक दुरुस्ती
तुमचा संख्याशास्त्रावरचा लेख आवडला. सरासरी आणि मध्यक यांतला फरक तर फारच सोपा करून सांगितलाय. पण 'पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आली म्हणजे आपलं गृहीतक ९५ टक्के खरं' हे वाक्य चुकलंय. (एम.ए.ला मीही हेच घोकलं होतं!)

नल हायपॉथेसिस खरी मानली, म्हणजे दोन गटांत मुळात फरकच नाही असं धरलं, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, एवढंच पी व्हॅल्यू सांगते. गृहीतक किती खरं, हे त्यातून निघतच नाही. ०.०५ हेही काही ब्रह्मवाक्य नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये सोयीची मर्यादा म्हणून तो आकडा सुचवला आणि तो चिकटला तो चिकटलाच.

शिवाय नमुना मोठा घेतला की अगदी किरकोळ फरकही 'सार्थक' (म्हणजे पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी) ठरतो. बुद्ध्यंकाचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १५. दोन्ही गटांत पाच-पाच हजार मुलं घेतली तर सरासरीतला एका गुणाचा फरकही ०.०५ च्या आत बसेल. वर्गात शिकवणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य.

पुढच्या भागात इफेक्ट साइझवर, म्हणजे फरक प्रत्यक्षात किती मोठा आहे ते मोजण्यावर, लिहाल का?