ओटीपी मोठ्याने सांगा

माझा पगार किती, हे घरात अजून कोणाला नीट माहीत नाही. पण डोंबिवली पूर्वेला एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर जे टॅक्सवाल्यांचं, म्हणजे लोकांची रिटर्नं भरून देणाऱ्यांचं, ऑफिस आहे, तिथे 2025 च्या सप्टेंबरात बसलेल्या यच्चयावत माणसांना तो माहीत झाला आहे. पुढेमागे स्टेशनवर त्यांतलं कोणी माझ्याकडे बघून हळहळलं, तर कारण हेच.

त्या वर्षी आयकर रिटर्नची मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबरवर नेली होती. त्याने एवढंच झालं की जुलैतली गर्दी सप्टेंबरात झाली. टॅक्सवाले स्वतः काचेच्या केबिनमध्ये. बाहेर कॉम्प्युटरपाशी एक मुलगी, तिच्यासमोर एक खुर्ची, आणि बाकी सगळे भिंतीला पाठ लावून त्या खुर्चीकडे तोंड करून बसलेले. नाटकाला याहून चांगली बैठकव्यवस्था नसते.

"काका, पॅन सांगा." सांगितला. (काका! असो.)

"जन्मतारीख?" हळूच सांगितली.

"मोठ्याने सांगा ना. एआयएस, म्हणजे सरकारकडची तुमच्या उत्पन्नाची यादी, उघडायला तोच पासवर्ड लागतो, पॅन आणि जन्मतारीख."

मी मोठ्याने सांगितली. भिंतीकडच्या काहींनी मनातल्या मनात वजाबाकी केली, ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं.

"आता ओटीपी आला असेल. मोठ्याने."

ज्या ओटीपीबद्दल बँक मला उठता-बसता बजावते की तो आमच्याच माणसाने मागितला तरी देऊ नका, तो मी भरसभेत खणखणीत आवाजात वाचून दाखवला. मग स्क्रीनवर माझं वर्षभराचं आयुष्य उघडलं आणि मुलीने त्याचं जाहीर वाचन सुरू केलं. "पगार नऊ लाख बारा हजार. बरोबर?"

बाजूने आवाज आला, "वर्षाचा?"

मी वळून पाहिलं. पांढरा हाफ शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत रबरबँड लावलेले पासबुकांचे गठ्ठे. वय 77. हे मी विचारलं नव्हतं. माझी जन्मतारीख फुकट ऐकल्याची परतफेड म्हणून आजोबांनी आपण होऊन सांगितलं आणि वर म्हणाले, "तुम्ही मात्र बरेच मोठे वाटता हो."

पगारापर्यंत ठीक होतं. पुढे व्याज आलं. माझ्या ठेवींवरचं व्याज 38,214 रुपये. फॉर्ममध्ये आधीच भरून आलेला आकडा 76,428. बँकेने एकच व्याज दोनदा कळवलं होतं, एकदा कापलेल्या कराबरोबर (टीडीएस) आणि एकदा नुसतं. मुलगी शांतपणे म्हणाली, "फीडबॅक द्यावा लागेल, माहिती दुबार आहे म्हणून. ते बँकेकडे जाईल. बँक हो म्हणाली की दुरुस्त."

"आणि बँक काहीच म्हणाली नाही तर?"

"तर नोटीस येऊ शकते."

कोणाला? मला. म्हणजे आकडा चुकवला बँकेने, तो छापून आला सरकारी कागदावर, आणि खुलासा मी करायचा. बँकेत आदल्या दिवशीच जाऊन आलो होतो. काउंटरवरच्या साहेबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "आमच्याकडून बरोबरच जातं." हे वाक्य त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवशी नेमणूकपत्रासोबत देत असावेत.

तेव्हा मी चिडून म्हणालो, की मग सरकारनेच भरावं ना रिटर्न! बँकांची माहिती 31 मेपर्यंत पोचते, कंपनी 15 जूनपर्यंत पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, फॉर्म 16, देते, कर तर आधीच कापून झालेला असतो. जूनअखेर सरकारकडे सगळं असतं. हिशेब करावा, पाठवून द्यावा, चुकलं तर आम्ही सांगू. माझा पुतण्या स्वीडनला असतो. त्याला दरवर्षी तयार हिशेब येतो, तो फोनवरून होकार कळवतो आणि कॉफी प्यायला जातो. डेन्मार्कात तर काही बदलायचं नसेल तर काहीच करायचं नसतं म्हणे.

"स्वीडनला पतपेढ्या आहेत?" आजोबांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं.

"नसणार," ते म्हणाले आणि त्यांनी पिशवी उघडली. "आता माझं बघा. पंच्याहत्तरी ओलांडलेल्याने रिटर्न भरायचं नाही, असा कायदा 2021 पासून आहे. बँकच हिशेब करते, बँकच कर कापते. तुम्ही म्हणता तेच. पण अट काय? पेन्शन आणि व्याज एकाच बँकेतलं हवं. दुसरीकडे काही नको."

"मग ठेवा ना एकाच बँकेत."

आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या पगाराचं कारण कळल्यासारखं वाटलं.

"बँक बुडाली तर विमा किती? पाच लाख. 2020 च्या आधी एकच लाख होता. तोसुद्धा व्याजासकट पाच लाख, म्हणून मी प्रत्येकीत साडेचार ठेवतो." त्यांनी गठ्ठे एकेक करून काढले आणि मुलीच्या टेबलावर मांडले. राष्ट्रीयीकृत बँक, पेन्शनसाठी. सहकारी बँक, घराजवळची. सहकारी बँक, जुन्या घराजवळची. पोस्ट. पतपेढीचं पासबुक त्यांनी जरा दूर ठेवलं, कारण तिला तो विमाच नाही आणि ती मेहुण्याच्या आग्रहाखातर आहे. "एक सरकार सांगतं पैसे वाटून ठेवा, नाहीतर बुडाल. दुसरं सरकार सांगतं एकत्र ठेवा, नाहीतर रिटर्न भराल. मी काय करू?"

दोन सरकारं कुठली, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पण गंमत अशी की त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ज्या सवलतीची मी स्वीडनपर्यंत जाऊन मागणी करत होतो ती आपल्याकडे आहे, फक्त ती घेण्यासाठी म्हाताऱ्या माणसाने आपली जन्माची पुंजी एका दारात नेऊन ठेवायची आणि ते दार बंद होणार नाही अशी आशा करायची. असली सवलत सुचण्यासाठी माणसाला निश्चित पगार आणि सरकारी घर लागतं.

"आजोबा, पासबुकं उचला, माउस सापडत नाहीये," मुलगी म्हणाली.

आजोबा थांबायच्या मनःस्थितीत नव्हते. मागे त्यांना परतावा आला होता आणि उशीर झाला म्हणून सरकारने त्यावर 46 रुपये व्याज दिलं होतं. पुढच्या वर्षी ते 46 रुपये त्यांच्या उत्पन्नात हजर. "माझेच पैसे, उशीर त्यांचा, आणि उत्पन्न माझं!" खोलीत पहिल्यांदाच सगळे एकदिलाने च्च् च्च् म्हणाले. माझ्या दुप्पट व्याजाला असा प्रतिसाद मिळाला नव्हता, हे मला जरा लागलं.

"मग सरकारने भरू नये म्हणता?" मी विचारलं.

"मुळीच नाही. भावाकडून देवगडहून आंब्याच्या दोन पेट्या येतात, वाटणीच्या. ते शेतीचं उत्पन्न. 'सहज' नावाच्या रिटर्नच्या फॉर्मात पाच हजारांपर्यंत दाखवता येतं, मी दाखवतो. सरकारला कसं कळणार पेट्या किती आल्या? आणि कच्चे किती निघाले? शिवाय सध्या पितृपक्ष. नवीन काही करायचं नाही, म्हणून मी दरवर्षी आधीच भरतो. यंदा यांनी मुदत वाढवली आणि हा म्हणाला, आजोबा, निवांत या." 'हा' म्हणजे केबिनमधले. "पण म्हटलं, चालेल. गेल्या वर्षाचं श्राद्धच तर घालायचंय."

एव्हाना माझ्या फॉर्मचा शेवट आला होता. मुलगी वाचू लागली, "मी अमुक, अमुक यांचा मुलगा, प्रतिज्ञेवर सांगतो की ही माहिती माझ्या समजुतीप्रमाणे बरोबर आणि पूर्ण आहे. काका, वडिलांचं नाव पूर्ण सांगा."

इथे मला खरोखर राग आला. भरून आलेला आकडा चुकलेला, तो मी खोडून दुसरा लिहायचा, आणि बरोबर असल्याची शपथ माझी. एप्रिल 2026 पासून आयकराचा नवा कायदा आला, त्यात आकारणी वर्ष वगैरे जाऊन सुटसुटीत 'कर वर्ष' आलं. शपथ गेली असं कुठे वाचलं नाही. तुमच्याबद्दल आम्हाला काय काय ठाऊक आहे ते सांगायचं, पण त्याची जबाबदारी घ्यायची नाही, अशी ही व्यवस्था. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा एवढा धूर्त नाही, आणि तो पार्किंगचं प्रकरण गेली कित्येक वर्षं लांबवतोय.

आजोबा मात्र खूश झाले होते. खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "बघा! बापाचं नाव घेऊन शपथ आहे. उद्या सरकारने रिटर्न भरलं तर इथे काय लिहील? सरकार, कोणाचा मुलगा?"

खोली विचारात पडली. कोपऱ्यातले एक गृहस्थ "रिझर्व्ह बँक" म्हणाले. "ती आई," आजोबांनी तत्काळ निकाल दिला. दुसऱ्या कोणी तरी दिल्लीत अर्थखातं जिथे होतं तो नॉर्थ ब्लॉक सुचवला. ती इमारत आहे म्हणून तो बाद झाला. केबिनमधून टॅक्सवाले बाहेर डोकावले आणि "काय चाललंय?" असं विचारून, उत्तर ऐकून, परत आत गेले.

मी वडिलांचं नाव सांगितलं. आणखी एक ओटीपी आला, तोही वाचला. परतावा 610 रुपये निघाला, बँकेने सहकार्य केलं तर.

"झालं काका. हजार रुपये. स्कॅनर भिंतीवर आहे."

मी फोन काढला. पैसे गेले. पावती मागितली तेव्हा मुलीने पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

"पावती पाहिजे असेल तर अकराशे ऐंशी होतील, काका. जीएसटी लागतो."