खिळ्याबद्दल: वखारीच्या मालकाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टार पाहिला आणि खालचं लिहिलेलंही वाचलं: "वाड्याचं सागवान म्हणून भंगार माथी मारलं. नव्याच्या दीडपट भाव. आत खिळा निघाला, मिस्त्रीचं पातं गेलं. मालक ऐकून घेत नाही." तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागतो.

पण खिळ्याचं तेवढं सांगू द्या. तुम्ही शनिवारी संध्याकाळी साडेसातला आलात, बाहेर टेम्पो चालू ठेवून. जेवणाच्या टेबलासाठी दहा फुटी, आठ बाय सहाची तुळई पसंत केलीत. मी म्हटलं, एक दिवस द्या, पोरं डिटेक्टर फिरवून खडूने खुणा करतील आणि सगळे खिळे उपटून देतील, त्याचे सहाशे होतील. तुम्ही म्हणालात, "राहू द्या, आमचा मिस्त्री काढेल." गल्ल्याजवळच्या बरणीतला घडीव चौकोनी खिळा तुम्ही हातात घेऊन बघितलात, त्याचा फोटोसुद्धा काढलात. मिस्त्रीला मात्र सांगायचं राहून गेलं असावं. वर दिसणारे त्याने काढले असतीलच. डोकं तुटून आत राहिलेला, वरून ऑइलपेंटचे चार हात बसलेला खिळा नुसत्या डोळ्यांना कसा दिसणार?

आणि तो गंजून मऊही पडलेला नसतो. सागाच्या अंगात तेल असतं, ते लोखंडाला जपतं. इंग्रजांच्या ओकमध्ये लोखंड गंजतं. मुंबईच्या गोदीत सागाची जहाजं बांधली जायची, त्यामागे हेही एक कारण होतं. १८१७ साली मुंबईत बांधलेलं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. म्हणजे तुमचं पातं ज्या खिळ्यावर गेलं, तो लाकूड अस्सल असल्याचीच खूण होती. पातं गेल्याचं वाईट वाटतंच, तरी हे म्हटल्याशिवाय राहवत नाही.

भाव दीडपट आहे, नाकारत नाही. नवीन लागवडीचा साग वीस-पंचवीस वर्षांत तोडतात. त्याला बाहेरचं पांढरं लाकूड जास्त, आणि वाळवी तेच आधी खाते. तुमची तुळई जंगलातल्या सावकाश वाढलेल्या झाडाची आहे. तिच्या तोंडावरच्या रेघा इतक्या दाट आहेत की मोजता मोजता बोट चुकतं. तिला वाळायचं, फिरायचं, चिरायचं जे काय होतं ते वाड्यातच उरकलंय. ब्रह्मदेशाने अख्खे ओंडके बाहेर पाठवणं २०१४ पासून बंद केलं. शनिवारवाड्याला साग जुन्नरच्या जंगलातून आला म्हणतात, तसला आता जुन्नरलाही मागून मिळायचा नाही. एखादा वाडा उतरला तरच असा माल हाती येतो.

"भंगार" हा शब्द मात्र लागला. वाडा पाडणाऱ्याने जेसीबी आणला होता. ही तुळई आम्ही सहा माणसं लावून, दोरखंडाने, कोपरा न दुखवता खाली घेतली. आजोबांपासून हेच करतोय. लोक हल्ली स्टार बघूनच वखारीत पाय ठेवतात, म्हणून इतकं लांबण लावलं.

आवाज चढला असेल तर तेही माफ करा, मागे करवत चालू असली की मोठ्यानेच बोलावं लागतं. खिळ्यांचं यापुढे बिलावरच छापून घ्यायचा विचार आहे, आणखीही काही सुधारणा करतोय.

उरलेल्या फळ्या चिरायच्या आधी इकडे आणा, पोरं फुकट तपासून देतील. पात्याचे अर्धे पैसे मी देतो, त्याची पावती असू द्या. मंगळवारी वखार बंद असते. आणि शक्यतो साडेसातच्या आधी या.