गल्ल्यामागचं कपाट

आमचं शेतीच्या यंत्रांचं दुकान. ज्यांची यंत्रं विकतो त्या कंपनीचा माणूस गेल्या महिन्यात नव्या शोरूमचा नकाशा घेऊन आला होता. पुढं काच, खाली पांढरी फरशी, आणि गल्ल्यामागचं सागवानी कपाट काढून टाकायचं. मी नाही म्हटलं. त्याला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

आबा, म्हणजे माझे आजोबा, किर्लोस्करवाडीला फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामात, कामाला होते. तिथल्या जुन्या कामगारांकडून ऐकलेल्या गोष्टी ते आम्हाला सांगायचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी बेळगावात सायकली विकायचे. १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर केला, तर शेतकरी हात लावेनात. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली म्हणतात. पुढं १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर, कुंडलजवळ, कारखाना उभा राहिला, तीच किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले, हे सांगताना आबांचा आवाज दरवेळी जड व्हायचा.

नोकरी सोडून आबांनी दुकान टाकलं तेव्हा नांगरांच्या आधी हे कपाट करून घेतलं. अठ्ठेचाळीस खण. फाळ, बोल्ट, वायसर, पुढं पिस्टन रिंगा, नोझल, गॅस्केट. त्यांचं म्हणणं, नांगर माणूस एकदा घेतो, फाळ दरवर्षी झिजतो. तो झिजल्यावर गिऱ्हाईक आपल्या दारात आलं पाहिजे, आणि रिकाम्या हातानं परत जाता कामा नये.

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, काळात इंजिनं आली. विहिरीवर डिझेल इंजिन, हँडल मारून चालू करायचं. ऊस वाळायला लागला की रात्री अकराला कडी वाजायची आणि आण्णा पिशवीत पाने-पक्कड टाकून सायकलवर निघायचे. ट्रॅक्टरची तेव्हा टंचाई, नंबर लावून वाट बघावी लागायची. उधारी वहीत, आणि वसुली साखर कारखान्याचं उसाचं बिल निघाल्यावर. आईनं त्यापायी किती दिवाळ्या काटकसरीत काढल्या, ते आम्ही पोरांनी बघितलंय.

माझ्या वाट्याला रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडून माती भुसभुशीत करायचं यंत्र, आणि अनुदानाचं सरकारी पोर्टल आलं. आधी पूर्वसंमती, मग पूर्ण पैसे भरून खरेदी, मग तपासणी, मग कधीतरी खात्यात अनुदान. अर्ज, सातबारा, बिलं अपलोड करण्यातच निम्मा दिवस जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा शेतकऱ्याला खरंच फायदा झाला. ते मान्यच.

पण महिनाअखेरीला कंपनीचा फोन येतो तो एकाच गोष्टीसाठी, किती गाड्या बिल केल्या. किती बंद पडून उभ्या आहेत, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये एका गड्याचा नवा रोटाव्हेटर दोनशे रुपयांच्या बेअरिंगसाठी नऊ दिवस उभा राहिला. माल वरूनच आला नाही. तोवर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, गेला, वर पाऊस लागला, त्याची पेरणी लांबली. त्याच्या शेताच्या बांधावर उभा राहून मला मान वर करता आली नाही. मला विचाराल तर ज्याच्याकडं सुटे भाग आणि मिस्त्री नाही, त्याला यंत्र विकायचा परवानाच नको.

परवा दुकान बंद करताना एक तरुण आला. रुमालात गुंडाळलेलं जुन्या इंजिनचं नोझल. तालुक्यात चार ठिकाणी फिरून आलेला. मी नाही म्हणणार होतो, तेवढ्यात माझ्या पोरीनं स्टूल ओढलं, वरच्या ओळीतला खण उपसला. आण्णांच्या अक्षरातली चिठ्ठी, पिवळी पडलेली, आणि खाली तेलकट कागदात दोन नोझल.

एक त्याला दिलं. दुसरं तिनं परत कागदात गुंडाळून खणात ठेवलं.