सहा खुंट्या

गेल्या रविवारी दुपारी झोप काढून बाहेर आलो, तर माझ्या गिटारने रेनकोट घातला होता.

निळा, जाड, रबरी, काखेत ठिगळ मारलेला. टोपीसकट. टोपी गिटारच्या डोक्यावर अगदी मापाने बसली होती, बाह्या दोन अंगांना लोंबत होत्या, आणि पाण्याची एक बारीक धार तारांवरून ओघळत, तारा खाली जिच्यावर टेकतात त्या घोडीपाशी थबकत होती. तिथून खाली चपलांच्या स्टँडवर टप्, टप्. झोपेच्या डोळ्यांना क्षणभर वाटलं, कुणी बारक्या चणीचा माणूस मनीऑर्डर घेऊन दारात उभा आहे.

आत सोफ्यावर बायकोचे मामा टॉवेलने डोकं पुसत होते.

म्हणजे भांडण सुरू व्हायच्या आधीच मी हरलो. मित्र असता तर दोन शब्द सुनावले असते, भाऊ असता तर चार. बायकोच्या मामांना काय सुनावणार? आमचं लग्न त्यांनी जमवलंय, आणि एकोणीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी मला एकदाही विसरू दिलेली नाही.

गिटार दाराशी का टांगली होती, तेही सांगतो. हौस नव्हती ती, अभ्यास होता. अकूस्टिक गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पुण्यातला जुलै ८० टक्क्यांच्या खाली उतरायला राजी नसतो. अशा हवेत लाकूड पाणी पितं, पुढची फळी पोट सुटल्यासारखी फुगते, घोडी उचलली जाते आणि तारा मानेवरच्या पट्टीपासून इतक्या वर जातात की एकेक सूर दाबताना बोटं हुळहुळतात. त्यामुळे बाहेरच्या बाजूची भिंत बाद, तिला पावसाळ्यात ओल येते. पश्चिमेची बाद, ती एप्रिलमध्ये तव्यासारखी तापते. स्वयंपाकघराजवळची बाद, फोडण्या. बाथरूमची बाद, आत पाइप. उरली दाराशेजारची चार इंची आतली भिंत. इलेक्ट्रिशियनने पहिलं भोक पाडलं तेव्हा हलक्या ब्लॉकचा पांढरा भुगा जमिनीवर आला आणि गिट्टी भोकात गरगर फिरायला लागली. दुसरं भोक लांब गिट्टी ठोकून टिकलं. पहिल्यावर कालनिर्णय आहे.

ऊन, ओल, फोडणी, पाइप, सगळ्याचा विचार केला. फक्त एवढंच सुचलं नाही, की बाहेरून भिजून आलेला मराठी माणूस दारात पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा खुंटी शोधतो.

"मामा, हा रेनकोट..."

"हां, तिथे लावलाय. निथळेल. सोय चांगली केलीत हो जावईबापू, दारातच खुंटी. नाहीतर हल्लीच्या फ्लॅटमध्ये माणसाने ओलं होऊन यायचं कुठे?"

"मामा, ती खुंटी नाहीये. गिटार आहे."

"गिटार आहे ते दिसतंय हो. पण ती टांगलीय कशावर?"

"हँगरवर."

"म्हणजे खुंटीवर."

"म्हणायला खुंटीवरच, पण..."

"मग झालं तर. खुंटीवर एक वस्तू होती, त्यावर दुसरी लावली. आमच्या वाड्यात एका खुंटीवर अकरा जणांचे सदरे असायचे. कधी तक्रार नाही."

सदऱ्यांची की खुंटीची, ते त्यांनी सांगितलं नाही. मी रेनकोट उचलला, बाथरूमच्या दाराला अडकवला आणि बनियनचं फडकं घेऊन गिटार पुसायला लागलो. मामा उठून शेजारी येऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. मामांची सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. ते हात मागे बांधून उभे राहिले की समोरच्याने काहीतरी लपवलेलं असतंच.

"हे वर काय आहे?"

"खुंट्या. तारा पिळायच्या."

शब्द तोंडातून गेला आणि कळलं. मामा सावकाश माझ्याकडे वळले.

"खुंट्या?"

"म्हणजे... हो."

"किती?"

"सहा."

"आणि मघाशी म्हणालात खुंटी नाहीये."

यावर काय उत्तर द्यायचं? मराठीत या भागाला दुसरा शब्दच नाही. सतारीला खुंट्या, तंबोऱ्याला खुंट्या, व्हायोलिनलासुद्धा खुंट्याच. भाषेनेच मला दगा दिला होता. मामा मात्र पुढे गेले होते. "घरात माणसं चार. फ्लॅटच्या चाव्या, दोन गाड्यांच्या, टपालपेटीची. सहा खुंट्या फुकट जातायत," असं म्हणत त्यांनी खिशातून स्कूटरची चावी काढली आणि खालून पहिल्या खुंटीला लावून पाहिली. चावी राहिली. "बघा," मामा म्हणाले. ते म्हणतात त्यात खोट अशी काही नव्हती. हेच तर संतापजनक होतं.

मी चावी काढून त्यांच्या हातात दिली आणि इथे दुसरी चूक केली. म्हणालो, "मामा, वजन पडतं तिच्यावर."

"किती सोसते?"

आता हा माझा लाडका विषय. मान धरून टांगलेली गिटार पाहून पाहुणे नेहमी विचारतात, मान निखळणार नाही का? मग मी त्यांना समजावतो की गिटारचं स्वतःचं वजन जेमतेम दोन किलो, आणि सहा पोलादी तारा मानेला रात्रंदिवस ७० किलोच्या आसपास ताणून धरतात. त्यापुढे टांगण्याचा भार म्हणजे काहीच नव्हे. सवयीने हे सगळं मामांनाही सांगून बसलो.

"सत्तर किलो," मामा म्हणाले. "आणि माझा रेनकोट?"

"दीड असेल."

"पाणी धरून."

"पाणी धरून."

"मग?"

"वजनाचं नाही हो मामा, पाण्याचं म्हणतोय मी! लाकडाला हवेत पन्नास टक्केच दमटपणा लागतो."

"पन्नास टक्के? पुण्यात? आषाढात?" मामांनी चष्मा काढला. "अहो, मला बावीस वर्षं दमा आहे. याच हवेत. मला कधी कुणी पन्नास टक्के दिली नाही."

आतून बायकोचा आवाज आला, "अहो, मामांना आधी चहा द्या, गिटारचं नंतर बघा." भजी तळत होती. भज्यांची वाफ हॉलमध्ये येत होती. तीही दमटच.

मधल्यामध्ये एक सांगतो. महागड्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश असतं आणि त्याचं नि रबराचं हाडवैर. रबर चिकटून राहिलं की पॉलिश मऊ पडून डाग धरतं, तो पुसून जात नाही. त्या गिटारी साध्या रबरी स्टँडवरसुद्धा ठेवत नाहीत. माझी स्वस्तातली, पॉलियुरेथेनची. गरिबाच्या गिटारला देव तारतो.

पण खरं विचाराल तर मला राग रेनकोटचा आला नव्हता. माझ्या आजीकडे तंबोरा होता, मिरजेचा. मिरजेत तलवारींना धार लावणारे शिकलगार पुढे वाद्यांकडे वळले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून तंबोरे घडवू लागले. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. आजीच्या तंबोऱ्याला लाल गवसणी होती, काठाला जर असलेली. त्याला पाय लागला तर आम्ही मुलं कान धरून नमस्कार करायचो. आमच्या लग्नानंतर हेच मामा आजीला भेटायला आले होते. खोलीबाहेर चपला काढल्या, तंबोऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, मग बसले. मी डोळ्यांनी पाहिलंय. बाहेर पाऊस होता आणि मामांचा रेनकोट, बहुतेक हाच, अंगणात दोरीवर होता.

तंबोऱ्याला तारा चार, माझ्या गिटारला सहा. तेही लाकूड, हेही लाकूड. पण तंबोरा म्हणजे सरस्वती आणि गिटार म्हणजे कॉलेजातलं खूळ. मी ४६ वर्षांचा आहे, केस गेले, बीपीची गोळी सुरू झाली, तरी ते खूळच. वर्षातून एकदा, दसऱ्याला, तिला वाद्य म्हणून मान मिळतो. त्या दिवशी आई तिच्यावर गंधाचं स्वस्तिक काढते. मग मी दिवाळीपर्यंत ते निघावं म्हणून फळी घासत बसतो.

आणि मी तरी किती वाजवतो? जाणकार सांगतात की गिटार सगळ्यात सुरक्षित कठीण पेटीत. ते मला परवडलं नाही, म्हणून कापडी बॅग घेतली. तिच्या खिशात सिलिका जेलच्या निळ्या पुड्या टाकल्या. ओल प्यायल्या की त्या गुलाबी होतात, मग बदलायच्या. पण आमच्या घरात जी वस्तू बॅगेत जाते ती माळ्यावर जाते, आणि माळ्यावर गेलेली वस्तू घर बदलतानाच खाली येते. म्हणून भिंतीवर टांगली. दिसली की वाजवेन म्हणून.

दिसते.

चहा झाला, भजी झाली. मामांना वाईट वाटलं असावं, किंवा बायकोने आत काहीतरी सांगितलं असावं. म्हणाले, "वाजवा बघू काहीतरी." एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी गिटार उतरवली, पुन्हा पुसली, सूर लावायला बसलो. दमट हवेने सगळ्या तारा आपापल्या गावाला गेल्या होत्या. सूर लावता लावता लक्षात आलं, की पूर्ण येणारं असं एकच गाणं मला आठवतंय, आणि त्याचंही दुसरं कडवं नाही. पहिलंच दोनदा वाजवलं. मामा डोळे मिटून ऐकत होते. एक बोट मांडीवर ठेका धरत होतं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

गाणं संपलं. मामांनी डोळे उघडले.

"सुरात आहे."

"थँक्यू मामा."

"आवाजही गोड आहे. कुठे चिरका नाही, फुटका नाही."

"नाही ना."

"मग," मामा म्हणाले, "नुकसान काय झालं?"

ऑडिट पूर्ण. एकही आक्षेप शिल्लक नाही. मी गिटार परत टांगली. पाऊस थांबला होता. मामांनी चपला घातल्या, कालनिर्णय उलटून पुढची एकादशी कधी ते पाहिलं, त्यामागचं भोक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गेले.

रात्री फोन. रेनकोट राहिला. "असू दे," मामा म्हणाले, "पुढच्या रविवारी येतोच आहे. तोवर त्या तुमच्या खुंटीला लावून ठेवा."

मी बाथरूमच्या दारामागे पाहिलं, रेनकोट नव्हता. गिटारवरही नव्हता, नशीब. बायकोला विचारलं. तिने कपडे आवरता आवरता सांगितलं, "घडी करून तुमच्या त्या गिटारच्या बॅगेत ठेवलाय. रिकामीच होती. आणि ओल शोषणाऱ्या पुड्या आहेत ना त्यात, तुम्हीच म्हणता."

सकाळी चेन उघडून पाहिलं. सगळ्या पुड्या गुलाबी.