‘होल जुळले की चाक बसलं’ हे खरं नाही

गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. दुसऱ्या कंपनीचे जुने अलॉय (मिश्रधातूची चाकं) स्वस्तात घ्या, मधे अडॅप्टर (गाडी आणि चाकामधली जोडचकती) टाका. होल जुळले की चाक बसलं. गाडी रुंद होऊन रोडला चिकटते, बेअरिंगला काही होत नाही. नट एकदा आवळले की विषय संपला. मी नागपुरात वर्धा रोडला अलाइनमेंटचं काम करतो. हाच मेसेज दाखवत गिऱ्हाइकं येतात, म्हणून लिहितोय.

होल जुळण्याचं आधी. पीसीडी म्हणजे होल किती आणि ते किती मिमीच्या वर्तुळावर. स्विफ्टचा पीसीडी ४×१००, पोलोचा ५×१००. वर्तुळ तेच, होल वेगळे, म्हणून अडॅप्टर. पण चाक नेमकं मधोमध धरतो तो हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाडीचा मधला गोल भाग. स्विफ्टचा हब ५४.१ मिमीचा, पोलोच्या अलॉयचं मधलं भोक ५७.१ चं. अडॅप्टर आतून ५४.१ वर घट्ट बसणारा आणि बाहेरून ५७.१ ची कड असलेला नसेल, तर वेग वाढला की स्टिअरिंग थरथरू लागतं. मग लोक बॅलन्सिंगवर पैसे घालत राहतात. शिवाय पोलोच्या अलॉयमधली बोल्टची बैठक वाटीसारखी गोल. त्यात निमुळता नट आवळला तर तो पातळ कडेवरच टेकतो.

रुंदीमुळे गाडी वळणावर थोडी कमी कलते, हे मान्य. पण अडॅप्टर साधारण २५ मिमी जाड. ईटी म्हणजे चाकाच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर मिमीमध्ये; ते कमी तितकं चाक बाहेर. म्हणजे ईटी ४० चं चाक ईटी १५ सारखं बाहेर येतं. गाडीचं वजन बेअरिंगवर तेवढ्या लांबून पडतं, म्हणजे बेअरिंगला नक्कीच होतं. सिमेंट रोडवरून डांबरी रोडला उतरताना जी पायरी लागते, तिथे स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. चार माणसं बसली की टायर मडगार्डला घासतो ते वेगळंच.

सगळ्यात घातक वाक्य नटांचं आहे. मागच्या उन्हाळ्यात एक स्विफ्ट आली. वळताना डाव्या पुढच्या चाकातून टकटक. बाहेरचे पाचही नट कडक होते. चाक काढलं, तर अडॅप्टर हबला धरणाऱ्या आतल्या चार नटांपैकी दोन बोटांनी फिरले. अडॅप्टरचे होल लंबगोल झालेले, स्टडचे (हबमधून बाहेर आलेले, नट बसतात ते दांडे) आटे एका बाजूने घासून चकचकीत, हबवर ॲल्युमिनियमची करडी पूड. त्या दादांना दुसऱ्या दिवशी कुटुंबासोबत समृद्धीने शिर्डीला जायचं होतं. १२० च्या वेगाने.

चाक स्टडवर लटकत नसतं. नटांच्या दाबाने दोन तोंडं एकमेकांवर आवळली जातात आणि ते घर्षण भार पेलतं. अडॅप्टर टाकला की असे दोन जोड होतात, आणि आतला चाकाआड झाकला जातो. म्हणून आतले नट टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणारा पाना) आवळायचे आणि शंभरेक किलोमीटरनंतर चाक काढून पुन्हा तपासायचे. मेसेजमध्ये याबद्दल एक शब्द नाही.

चांगले, हबला अचूक बसणारे अडॅप्टर असतात. जर्मनीत ते तपासणीतून पास करूनच रस्त्यावर येतात. मात्र ते आपल्या गाडीच्या मापाचे हवेत आणि तपासणी सांभाळायची तयारी हवी. स्विफ्टवाल्याला तेवढी खटपट कशाला? ४×१०० चे अलॉय जुन्या बाजारातही मिळतात. मधलं भोक मोठं असलं तर हब रिंग (भोक आणि हबमधली फट भरणारी कडी) टाकली की भागतं. ईटी मात्र मूळ चाकाच्या जवळचा बघून घ्या. त्या दादांना मी तेच बसवून दिले, स्टड नवे टाकून.