घरबसल्या परीक्षा होते हा मेसेज चुकीचाय

आपल्या कॉलेज रोडच्या क्लासवाल्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय की स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरच्या एनपीटीईएल (आयआयटी वगैरे संस्थांच्या) कोर्सची फायनल घरी बसून मोबाइलवर देता येते आणि असाइनमेंट सगळ्या भरल्या की सर्टिफिकेट मिळतंच. कृपया पुढे पाठवू नका, दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

कोर्सला नाव नोंदवणं फुकट आहे, व्हिडिओ बघा, असाइनमेंट करा, पैसे लागत नाहीत. पण परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो, त्याची फी वेगळी, शेवटची तारीख पण वेगळी, आणि इथेच पोरं फसतात. माझ्या भाचीचं गेल्या वर्षी हेच झालं, बारा आठवडे रात्री जागून सगळं केलं आणि फॉर्म भरायचाच राहिला, डोळ्यात पाणी होतं तिच्या.

परीक्षा सेंटरवर जाऊनच द्यायची, तिथल्या कॉम्प्युटरवर, सुपरवायझरसमोर. हॉल तिकिटाची प्रिंट आणि ओरिजिनल ओळखपत्र लागतं, मोबाइलमधला फोटो दाखवून चालेल असं धरून जाऊ नका.

आता मार्कांचं नीट बघा. असाइनमेंटला 25, परीक्षेला 75. 12 आठवड्यांच्या कोर्सला सगळ्यात चांगल्या 8 असाइनमेंटची सरासरी धरतात. पास व्हायला असाइनमेंटमध्ये 25 पैकी 10 आणि परीक्षेत 75 पैकी 30, दोन्ही वेगवेगळे हवेत. म्हणजे असाइनमेंटला पैकीच्या पैकी पडले आणि परीक्षेत 28 आले तर बेरीज 53 होते, तरी सर्टिफिकेट नाही!

ज्यांनी अजून फॉर्म भरला नसेल त्यांनी आज रात्रीच आपल्या कोर्सच्या पानावर तारीख बघून घ्या.