पुस्तक झटकू नका

जुनं पुस्तक हातात आलं की मी आधी मलपृष्ठ वाचत नाही. कणा तळहातावर ठेवते आणि पानं सैल सोडते. आत बरीच वर्षं काही दबून राहिलेलं असेल तर पुस्तक आपसूक तिथेच उघडतं.

परवा एक रहस्यकथा अशीच ११२-११३ पानांवर उघडली. आत चार घड्या घातलेला वहीचा कागद. प्रवासाला न्यायच्या सामानाची यादी, निळ्या शाईत, नीटस अक्षरात: टॉवेल, दाढीचं सामान, बॅटरी, छत्री, जास्तीचा चष्मा. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. आणि सगळ्यात खाली वेगळ्याच, घाईच्या अक्षरात, लाल बॉलपेननं: ‘औषधं!!’ खाली दोन रेघा. पुढे खूण मात्र नाही.

एवढ्यावरच मी खूश झाले असते. पण मग लक्षात आलं की पहिल्या पानापासून ११२ पर्यंत पेन्सिलीच्या खुणा आहेत. संशयास्पद वाक्यांखाली रेघा, आणि ७१ व्या पानावर माळ्याच्या नावाशेजारी समासात ठसठशीत ‘हाच!’ त्यानंतर ११३ पासून शेवटपर्यंत पुस्तक कोरं. एक रेघ नाही, एक दुमडलेला कोपरा नाही. म्हणजे गृहस्थ यादी पानात ठेवून बॅग भरायला उठले ते बहुतेक परत बसलेच नाहीत. मी मात्र शेवटपर्यंत वाचलं. माळ्यानं काही केलेलं नाही हो. कुठे भेटले तर त्यांना हे सांगायचंय, आणि औषधं घेतली होती का तेही विचारायचंय.

आता हीच यादी विसाव्या पानावर असती तर? किंवा कुणी आधीच पुस्तक उलटं धरून झटकलं असतं तर? यादी म्हणजे नुसता कागद आणि पुस्तक म्हणजे नुसतं जुनं पुस्तक. मजा त्या दोघांच्या जागेत आहे. म्हणून ‘स्वच्छ प्रत’ म्हणून मिरवणाऱ्या विक्रेत्यांवर माझा राग आहे. ग्रंथालयांचं समजू शकते, तिथे रोज शेकडो पुस्तकं परत येतात आणि आतून काय काय निघेल याचा नेम नाही. पण विकायला ठेवलेल्या पुस्तकातली वाचनखूण काढून कुणाचं काय भलं होतं?

‘सप्रेम भेट’ लिहिलेल्या पहिल्या पानांचं मला तेवढं अप्रूप नाही. ते कुणीतरी वाचणार हे गृहीत धरून, अक्षर सुधारून लिहिलेलं असतं. पावती, यादी, अर्धवट बेरीज हे कुणाला दाखवायला ठेवलेलं नसतं.

समासातल्या टिपांचंही तेच. २००५ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात, सिसेरोच्या पत्रांच्या पंधराव्या शतकातल्या छापील प्रतीत, समासात एक टीप सापडली. ऑक्टोबर १५०३ ची. आगोस्तिनो वेस्पुच्ची नावाच्या फ्लोरेन्सच्या सरकारी कारकुनानं लिहिलेली. मूळ मजकुरात अपेलीस या ग्रीक चित्रकारानं व्हीनसचं डोकं नि छाती सुरेख रंगवून बाकीचं चित्र अर्धवट सोडल्याचा उल्लेख आला, आणि वेस्पुच्चीला आपल्या शहरातला लिओनार्दो आठवला. तोही असंच करतो, उदाहरणार्थ लिसा देल जोकोंदोच्या चित्रात, असं त्यानं लिहून ठेवलं. मोनालिसा नेमकी कोण, या वादात हा केवढा तरी मोठा पुरावा ठरला. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचं नशीब निराळं. ज्या समासात ‘माझ्याकडे सिद्धता आहे, पण इथे जागा पुरत नाही’ असं त्यानं लिहिलं, ती प्रतच आज कुठे नाही. मुलानं १६७० मध्ये त्या टिपा छापल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या.

सगळंच आत राहू द्यावं असं मात्र नाही. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन हे द्रव्य असतं, तो जुना होत जातो तसा आम्ल सोडतो आणि शेजारच्या पानांवर कात्रणाच्या मापाचा तपकिरी चौकोन उमटतो. टाचणी आणि क्लिप गंजतात. या दोन्ही गोष्टी मी काढते, पाकिटात घालते आणि पाकिटावर पुस्तकाचं नाव नि पान क्रमांक लिहिते. हल्लीच्या दुकानी पावत्यांचा प्रश्न आपोआप सुटतो. त्यात शाईच नसते, उष्णतेनं काळी पडणारी अक्षरं हळूहळू उडून जातात. पुढच्यांना आपल्या पुस्तकांत नुसत्या पांढऱ्या पट्ट्या सापडणार.

आणि पत्रं? दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला माहीत आहे. मी वाचते. पूर्ण वाचते. पण त्याचा फोटो काढून नावासकट इथे टाकणं मला पटत नाही, कितीही लाइक मिळोत. लिहिणारी व्यक्ती हयात असू शकते, आणि नसली तरी तिनं ते आपल्यासाठी लिहिलेलं नव्हतं.

हा पान क्रमांक लिहायचा शहाणपणा मला उशिरा आला. आधी मी सापडेल ते एका पत्र्याच्या डब्यात टाकायचे. तिकिटं, एक शाळकरी हस्ताक्षरातली वेळापत्रकाची चिठ्ठी, शर्टाचं बटण (हो, बटण), वाळलेली पानं. आज डबा उघडला की कुठलं कशातलं, काही म्हणजे काही आठवत नाही. विक्रेत्यांना नावं ठेवणारी मी, आणि पंचवीस वस्तू बेघर केल्या त्या मीच.

गेल्या रविवारी कपाट आवरताना एका कवितासंग्रहात ४०-४१ पानांवर फिकट तपकिरी डाग दिसला. लांबट, एका बाजूला टोक, मधोमध शीर. डबा आणला. त्यातलं एक पान वर ठेवलं, बसेना. दुसरं लहान पडलं. मग पहिलंच उलटं करून, देठ कण्याकडे घेऊन ठेवलं, तेव्हा कडेला कड लागली. एका बाजूला किड्यानं खाल्लेला बारीक अर्धगोल होता, तोसुद्धा डागात तसाच होता.

ते तिथेच ठेवून पुस्तक मिटलं. तिकिटं आणि बटण अजून डब्यात आहेत.